चॉकलेटच्या दिवशीचे अताद्वे

“बायकोनं नवऱ्याला अताद्वे भेट दिले ना आई, की समजायचं, पलंग आता नुसता झोपायच्या कामाचा उरलाय!”

मान्सानं हे आईच्या कानात सांगितलं खरं, पण मान्साची कुजबुज म्हणजे चर्चचा कर्णा. न्हाणीच्या आडोशाला तिची नवी वहिनी, सेरवा, कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला आणि त्याचं पाणी तिच्या पावलांवर गळत राहिलं. खिडकीत ठेवलेल्या काचेच्या बरणीतून मीही ते ऐकलं. ऐकणं भागच होतं, विषय माझाच होता. मी अताद्वे बोलतोय.

दिसायला मी वाळक्या चण्याएवढा, तपकिरी, म्हातारीच्या गालासारखा सुरकुतलेला. गवताच्या मुळाला लागणारा कंद मी. तुमच्या शेतात लव्हाळा माजला की तुम्ही त्याला शिव्या घालता, त्याच्याच भाऊबंदांतला. पण आमच्याकडे, घानात, मला मान आहे. चावायला घेतलं की मी आधी चिवटपणा करतो, मग दूध सोडतो. गोडसर, थोडं बदामासारखं, थोडं ओल्या खोबऱ्यासारखं. दूध गिळायचं, चोथा थुंकायचा. घाईच्या माणसानं माझ्या वाटेला जाऊ नये.

माझी आणखी एक ख्याती आहे, ती सांगताना लोक डोळे मिचकावतात. मला खाल्लं की पुरुषाला जोर चढतो म्हणे. मोटारतळावर बायका डोक्यावर परात घेऊन मला विकतात, आणि चांगले बापये “पोरांसाठी द्या हो” म्हणत दोन पिशव्या घेतात आणि गाडी सुटायच्या आत स्वतःच संपवतात. ख्यातीतलं खरं-खोटं मला ठाऊक नाही. मी जमिनीखाली वाढलो. वर काय चालतं ते मला कोण सांगणार?

माझा जन्म अदुआमोआच्या डोंगरातला, सेरवाच्या आईच्या वावरातला. कुदळीचा घाव पडला, गवताचा गड्डा वर आला, तिच्या आईनं तो झटकला आणि मी उजेडात पडलो. मग पाटीत घालून चोळचोळून धुणं, मग उन्हात पसरणं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम, निवडणं. माती आणि मी एकाच रंगाचे. एखादा खडा राहून गेला की गिऱ्हाइकाचा दात जातो आणि विकणारीची पत. सेरवा लहानपणापासून निवडायला बसायची. बोलायची कमी, बघायची फार. सासरी आल्यावर सगळ्यांना ती मुखदुर्बळ वाटली. मला विचाराल तर ती अजूनही निवडतच होती. कोणता शब्द दाणा, कोणता खडा.

तिचं लग्न झालं कोफोरिदुआच्या ओफोसूशी. ओफोसूचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान, आणि जिभेला गोडाचं वेड. चहात आटवलेलं दूध अर्धा डबा. सेरवाला मागणी घालायला यायचा तेव्हा दर खेपेला चॉकलेट आणायचा आणि बोलता बोलता त्यातलं निम्मं स्वतःच खायचा. सेरवानं तेव्हाच ठरवलं होतं म्हणे, की आपल्याच भेटीत वाटेकरी होणारा माणूस निदान खोटा तरी नसणार.

लग्नानंतर काही दिवसांतच त्याला सारखी तहान लागायला लागली. दवाखान्यात रक्त तपासलं. साखर वाढली होती. नर्सनं चॉकलेट, गोळ्या, गोड पेयं सगळं बंद केलं. “तोंड चाळवायचंच असेल तर मूठभर अताद्वे चावा,” म्हणाली. “चावण्यात वेळ जातो, पोटालाही बरं. पण मूठभर म्हणजे मूठभर हं, घमेलंभर नाही!” मी औषध नाही, हे मीही मान्य करतो. पण चॉकलेट बंद झालेल्या माणसाच्या तोंडाला सोबत करायची, एवढं मला जमतं.

परतताना ओफोसू सेरवाला म्हणाला, “आईला इतक्यात सांगू नको. बाबांचा पाय ह्या साखरेनंच गेला, मग बाबाही गेले. ती आत्ता कुठे स्वैपाक करताना गुणगुणायला लागलीय. आकडा खाली आला की मीच सांगेन.”

सेरवानं मान हलवली. तिची मान हलली म्हणजे गोष्ट कुलपात गेली.

मग आला फेब्रुवारीतला तो प्रेमाचा दिवस. कोको पिकवणारा आमचा देश, तेव्हा इथे त्या दिवसाला चॉकलेटचाच दिवस म्हणतात. गावभर लाल कपडे, हातोहात चॉकलेटं. मान्साला तर एका मित्रानं खोकंभर पाठवलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसेल अशा बेतानं ती अंगणाच्या मधोमध बसून खात होती.

सेरवानं आईकडून मला मागवून घेतलं. गाडीवाल्याच्या हातून पिशवी आली. तिनं एकेक दाणा बोटांनी चाचपून पुन्हा निवडला. सुरकुत्या जास्त ते गोड जास्त, हे तिला शिकवावं लागत नाही. रात्रभर पाण्यात ठेवून आम्हाला मऊ केलं, निथळवलं, खोबऱ्याचे भाजलेले काप मिसळले आणि बरणीच्या गळ्याला आपल्या साखरपुड्याच्या लाल कापडाची पट्टी बांधली. बरणीत बसून मी बाहेर पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदाच आपण देखणे आहोत असं वाटलं.

खोलीत, दार लावून, तिनं बरणी ओफोसूच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडलं, दोन दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, ह्या वर्षी मला काहीच मिळणार नाही.”

इथवर सगळं ठीक होतं. पण आनंद झाला की ओफोसूला घरात बसवत नाही. बरणी छातीशी धरून तो तसाच अंगणात गेला आणि तोंड हलवत, जोरात म्हणाला, “बघा, माझ्या बायकोनं मला काय दिलंय!”

अंगणात सगळ्यांनी बघितलं. लाल पट्टी बघितली, बरणी बघितली आणि मला बघितलं. मान्साचं चॉकलेट हातातच राहिलं. त्यानंतर अर्ध्या घटकेत ती आईच्या कानाशी लागली, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी झाडाच्या साली-मुळ्या भिजवलेल्या कडू पाण्याची बाटली आणली. रोज सकाळी पेला भरून मुलाच्या पुढ्यात. “पी रे बाबा. लाजायचं काय त्यात? तुझ्या वयात होतं कधी कधी.” बिचारा नाक धरून प्यायचा. दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, “काय रे फ्रिजवाल्या, सगळंच थंड ठेवतोस म्हणे!” नळावर मान्सा वहिनीला म्हणाली, “काही कमी पडलं तर मला सांगायचं गं वहिनी, गावभर कशाला दाखवायचं?” सेरवानं घागर भरली, उचलली आणि गेली. पाण्याचा थेंबसुद्धा सांडला नाही.

खोलीत मात्र ती नवऱ्याला म्हणाली, “सांगून टाकू या का?”

“हसू दे त्यांना,” तो म्हणाला. “हसण्यानं साखर वाढत नाही.”

पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. आणि तिनंही पाहिले.

माणसांची एक खोड मला अजून उलगडत नाही. चॉकलेट दिलं की म्हणतात, किती प्रेम! आणि तब्येत बघून, निवडून, धुऊन, भिजवून काही दिलं की विचारतात, का बरं दिलं असेल?

आज रविवार. प्रार्थनेनंतर मामा आलेत. सासूबाईंचे थोरले भाऊ, अंपोफोमामा. आमच्याकडे मामाचा शब्द म्हणजे घराचा शेवटचा शब्द. त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं.

“कारण तुझ्याच आईनं कळवलंय, ओफोसू,” मामा म्हणाले. “नवं लग्न आहे. काही कुरबुर असेल तर सुनेच्या माहेरच्यांना बोलावून घेऊ, चार माणसांत बसून बोलू. कुठे आहे ती बरणी?”

मान्सानं बरणी पुढे केली. तत्परता बघण्यासारखी होती. मामांनी झाकण उघडलं, आत दोन बोटं घातली आणि नेमकं मला उचललं. हे सगळं मी तुम्हाला सांगतोय ते त्यांच्या तळहातावरूनच.

सेरवाच्या माहेरच्यांना बोलावणं म्हणजे काय, ते इथे प्रत्येकाला कळतं. तिची आई डोंगर उतरून येणार, परक्या अंगणात बसणार, आणि तिच्या लेकीनं जावयाची अब्रू बरणीत भरून मांडली असं तिला ऐकवलं जाणार. सेरवाच्या हातांनी पदराचं टोक धरलंय.

“मामा,” ओफोसू म्हणाला, “खरं सांगायचं तर मला—”

त्यानं आईकडे पाहिलं. सासूबाईंचा हात आधीच छातीशी गेला होता. नवऱ्याच्या वेळी डॉक्टर बोलायला लागला तेव्हाही तो हात असाच गेला असेल. ओफोसूचं वाक्य तिथेच अडकलं.

माझं काय, आता थोडंच उरलंय. मामांचे पुढचे दोन दात शाबूत दिसतात, म्हणजे मी वाया जाणार नाही. जाता जाता एवढंच मागतो: कुणी तुम्हाला साधंसंच काही दिलं, तर ते कशाला दिलं हे गावाला विचारू नका. आधी चावून बघा. सावकाश. गोडी मागाहून येते.

आणि आता थांबतो, कारण सेरवा उठली आहे. ह्या घरात आल्यापासून मोठ्यांपुढे ती पहिल्यांदा उभी राहून बोलतेय, तेही मान्साच्या वरताण आवाजात, पलीकडच्या खोल्यांतल्या भाडेकऱ्यांनासुद्धा ऐकू जाईल असं.

“मामा, ते अताद्वे ह्यांच्यासाठी नाहीतच. बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं, म्हणून मी ह्यांच्या हातात दिली, तर हे भेटच समजून खात सुटले. खाते मीच. तुमच्या भाच्याला पुरं पडायचं तर मला दुसरा काय आधार आहे?”