खूण नसलेली शेळी

महाडच्या प्रशिक्षणातून उज्वला बाहुल्यांचं वेड डोक्यात घेऊन आली. आधी आपण गोष्ट सांगायची, मग बाहुल्या मुलांच्या हातात द्यायच्या आणि गुपचूप बाजूला व्हायचं. पुढची गोष्ट मुलंच रचतात, असं तिथं करून दाखवलं होतं. उज्वलाला हे फार पटलं. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाडीत तिची अंगणवाडी. सहा वर्षं ती बोलत आली आणि मुलं तिच्यामागून म्हणत आली. एकदा तरी पोरांनी स्वतःच्या मनातलं बोलावं, एवढीच तिची हौस होती.

तिने जुन्या मोज्यांचा एक वाघ आणि एक पांढरी शेळी शिवली. शेळीला लांब कान, गळ्यात घुंगरू. स्वतःवरच खूश होऊन तिने रानात चुकलेल्या शेळीची गोष्ट सांगितली. मुलं डोळे विस्फारून ऐकत बसली. मग तिने शेळी पुढे केली, तर अकराच्या अकरा पोरांचे हात पाठीमागे! वाघ मात्र आनंदाने घेतला. सूरजने दोन डरकाळ्या फोडल्या. पण शेळीच नाही म्हटल्यावर वाघाने तरी करायचं काय? खेळ तिथंच संपला.

असे चार दिवस गेले. गुरुवारी पर्यवेक्षिका सारिकामॅडम बघायला येणार होत्या. आपल्यालाच हे जमत नाही, असं वाटून उज्वलाचं तोंड एवढंसं झालं. अखेर तिने मदतनीस बयाबाईंपुढे गाऱ्हाणं घातलं. बयाबाई वाडीतल्याच.

खिचडी ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "कानाला खूण कुठं हाय तिच्या?"

"कसली खूण?"

"आमच्यात घरटी खूण असते बाई. कुनाचा डावा कान चिरलेला, कुनाचा उजवा. बिनखुणेची म्हंजे परक्याची. परक्याच्या जनावराला हात लावला, की पोरं मार खातात. वाघ काय, कुनाचाच नसतो."

"अहो, मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं?"

उज्वलाने कपाळाला हात लावला आणि मनापासून हसली. दुसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन मुलांमध्ये बसली. कोणाची खूण करायची, यावर हा गलका! शेवटी पाच वर्षांच्या मीनाने निकाल दिला, "दोनी कानांना भोक पाडा. तशी खूण कुनाचीच नाय. म्हंजे ती आपल्या सगल्यांची." भोकं पडली आणि शेळीवर अकरा हात एकदम पडले.

गुरुवारी सारिकामॅडम खुर्चीत बसल्या होत्या. मीनाच्या हातातली शेळी ओढा ओलांडून गेली, तिला ताप आला, तिने सूरजच्या वाघाकडे औषध मागितलं. वाघ विचारात पडला. मीनाही थांबली. उज्वलाला राहवेना.

"मग शेळी घाबरून पळाली ना गं?"

मीनाने मान वळवूनही पाहिलं नाही. "बाई, तुमी गप बसा. ही आमची गोष्ट हाय."

सारिकामॅडमनी दचकून उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाचे डोळे भरून आले होते. ती गप बसली, आणि सहा वर्षांत तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.