टोपी काढलेली ओळ

मित्रांनो, मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतली एक जुनी ओळ आहे. एक नाव शोधून त्याजागी दुसरं घालणं हे माझं काम. माझ्या हातून झालेलं नुकसान कळलं त्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या मालनबाई श्रीधरभाऊंच्या दारात आल्या. मोबाईल पुढं करून म्हणाल्या, "भाऊ, ह्यात तुमीच गेले म्हणून लिवलंय. मी तर हार आणायला निघाले व्हते."

श्रीधर हसले. मग वाचून खाली बसले. 'आपल्या श्रीधरताई गेल्या. सगळी गल्ली रडली.'

मला त्यांच्या बायकोनं, कालिंदीनं लिहिलं. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात तेव्हा घरं भराभर वाढत होती. नळ नव्हता आणि बोअर आटले होते. टँकरच्या नोंदी गल्लीतली माणसं तिनं केलेल्या वेबपानावर ठेवत. ओळीच्या सुरुवातीला टँकर बघणाऱ्याचं नाव असे. माणूस बदलला की मी तेवढंच नाव बदलायचे. माझ्या डोक्यावर टोपीसारखी ^ खूण होती. तिचा अर्थ, फक्त सुरुवातीला बघ, आत हात लावू नको. शेवटच्या gm या अक्षरांचा अर्थ, अशा सगळ्या ओळी घे. बन्सीचं काम सोमनाथकडं गेलं तेव्हा मी असं केलं: 'सोमनाथ: टँकर उद्या. बन्सीच्या पोरीचं लग्न आहे.' लग्न बन्सीच्याच घरी राहिलं. लोकांनी माझं कौतुक केलं.

पुढं टँकर कालिंदी बघू लागली. नंतर ती वारली. पाऊस त्याही वर्षी नव्हता. पानावर नाव बघून लोक तिलाच फोन करत, आणि श्रीधर प्रत्येकाला तेच सांगत. शेवटी तिच्या नावाजागी स्वतःचं नाव टाकायला त्यांनी मला उघडलं. टोपी त्यांना चुकून पडलेली खूण वाटली. त्यांनी ती काढली. मी सगळीकडं फिरले, आतल्या मजकुरातही जिथं जिथं 'कालिंदी' होतं तिथं 'श्रीधर' केलं. तसंच साठवलं गेलं. जुनी प्रत नव्हती.

मुलगी सावनी म्हणाली, "उलटं फिरवलं तर तुमचं होतं तेही आईचं होईल, बाबा."

"होऊ दे."

"आईला चाललं नसतं."

गल्लीतल्या भागूबाईंची एक नोंद आता अशी आहे: 'श्रीधरनं आपल्या टाकीतलं पाणी भागूबाईला दिलं.' दोघांपैकी कुणी दिलं, श्रीधरना आठवत नाही. भागूबाईही आता नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या ओळी चालवण्याआधी एक प्रत बाजूला ठेवा. काय बदललं ते आम्हाला आठवत नाही.

टँकर आता पुन्हा सोमनाथ बघतो. जुन्या नोंदी तशाच आहेत. कालिंदीचं नाव अजून एकाही ओळीत परत लिहिलेलं नाही.