सातव्या रांगेतली खुर्ची

मित्रांनो, आधी नाक मुरडायचं थांबवा. माझ्या अंगाला घाम, शेंगदाणे आणि जुनं तेल यांचा मिळून एक वास येतो, हे मला ठाऊक आहे. बेचाळीस वर्षांच्या चामड्याला अत्तराचा वास कुठून येणार? मी बेसबॉलचा ग्लोव्ह आहे, डाव्या हातात घालायचा. माझा स्वभाव जळका आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर मधेच तुम्हाला वाटेल की हा म्हातारा गोड आहे, आणि मग तुमची फसगत होईल.

मी एका गाईच्या कातड्यातून जन्मलो. कारखान्यात मला कापलं, शिवलं, वाद्या ओवल्या, आणि एका दुकानाच्या फळीवर टांगलं. तिथून मला ओर्विननं उचललं. ओर्विन स्टेनस्लँड, उत्तर डकोटातल्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. तेव्हा मी इतका कडक होतो की मला मिटताना त्याची बोटं दुखायची. पण तो माणूस घाई करणारा नव्हता. रोज संध्याकाळी थोडंसं तेल चोळायचा, पोटात चेंडू ठेवायचा, दोरीनं बांधायचा आणि गादीखाली सरकवायचा. अख्खा हिवाळा त्यानं माझ्यावर घालवला. वसंत आला तेव्हा मी त्याच्या तळहाताची घडी पाठ केली होती.

ओर्विन निवृत्त झाला आणि आमचं खरं आयुष्य सुरू झालं. दर फेब्रुवारीत तो आणि त्याची बायको आर्लीन घरावरचं बर्फ शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून कॅम्परगाडी, म्हणजे चाकांवरचं घर, काढायचे, आणि सतराशे-अठराशे मैल तुडवत ॲरिझोनात यायचे. तिथं त्यांचा लाडका संघ, मॅलर्ड्स, मार्चभर सरावाचे सामने खेळतो. मॅलर्ड म्हणजे बदक. म्हणून त्यांच्या मागे फिरणाऱ्या सगळ्यांना, या गाड्या मुक्कामाला उभ्या राहतात त्या कॅम्परपार्कात, ‘बदकवाले’ म्हणतात. या सामन्यांतली हारजीत कुठेच धरत नाहीत. नावाजलेले खेळाडू चार-पाच डाव खेळून आंघोळीला निघून जातात. मग पाठीवर नाव नसलेली, सत्त्याऐंशी, त्र्याण्णव असले नंबर लावलेली पोरं मैदानात येतात, आणि कधीकधी एकाच नंबराची दोन पोरं एकाच वेळी पळताना दिसतात. अशा खेळासाठी कोणी इतक्या लांब येतं का, असं तुम्ही विचाराल. येतात. बदकवाले येतात.

आमच्या दोन खुर्च्या ठरलेल्या होत्या. पहिल्या बेसच्या बाजूला, सातवी रांग. एका खुर्चीत ओर्विन आणि त्याच्या हातात मी. दुसऱ्या खुर्चीत आर्लीन आणि तिच्या मांडीवर ती वही.

त्या वहीबद्दल बोलायचं म्हटलं की अजून माझ्या वाद्या ताठतात. आर्लीन सामन्याचा प्रत्येक चेंडू त्या वहीत चौकटीचौकटीत टिपून ठेवायची. बॅट फिरवून हुकला आणि बाद झाला तर सरळ ‘के’. नुसताच बघत उभा राहिला आणि बाद झाला तर उलटा ‘के’. कोणीही उठावं आणि वहीत जावं! मी मात्र ॲरिझोनातल्या एकतीस वर्षांत तीनदा रेषेबाहेर, प्रेक्षकांत उडालेले चेंडू झेलले, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि वहीत एक टिंबसुद्धा नाही. “फाऊल तो फाऊल,” आर्लीन म्हणायची, “प्रेक्षकानं झेलला काय आणि कचऱ्याच्या डब्यानं झेलला काय.” कचऱ्याचा डबा! वर पुन्हा वहीला पावसापासून जपायला प्लॅस्टिकची पिशवी, आणि मी उन्हात पडलेला. जळफळाट होणार नाही तर काय?

मग एका हिवाळ्यात ओर्विन गेला.

पुढच्या मार्चमध्ये आर्लीन एकटीच आली. गाडी तिनं स्वतः चालवली. तिकिटं मात्र तिनं दोन काढली, नेहमीसारखी, आणि ओर्विनच्या खुर्चीत मला ठेवलं. मित्रांनो, माझ्या दुःखात खोट नव्हती, पण खरं सांगायचं तर माझी छातीही फुगली होती. एक अख्खा मार्च मी माणसासारखा खुर्चीत बसलो. वही मांडीवर असेल, पण खुर्ची माझी होती. कोणी “इथं कोणी बसलंय का?” असं विचारलं की आर्लीन माझ्यावर हात ठेवून म्हणायची, “हो, बसलंय.”

यंदा त्या खुर्चीत डेल्बर्ट आला.

डेल्बर्ट क्विग्ली हा पार्कातला आमचा शेजारी. उंच, वाकलेला, सुतारकामातून निवृत्त झालेला. आर्लीनच्या गाडीच्या दाराची तुटलेली पायरी त्यानं दुरुस्त करून दिली, आणि तिनं त्याला सामन्याला बोलावलं. पहिल्याच दिवशी तो खुर्चीपाशी आला, मला पाहिलं, आणि थबकला.

“हा कुठं ठेवू?” त्यानं विचारलं.

आर्लीन म्हणाली, “ठेव खाली.”

खाली! शेंगदाण्याच्या टरफलांत आणि सांडलेल्या लिंबू सरबतात! वरून त्याचे बूट. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सातव्या रांगेची देखरेख मार्सेला ओचोआ करते. पिवळा टी-शर्ट घालते आणि तोंडाला कुलूप कधी लावत नाही. ती आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय गं आर्लीन, यंदा शेजारी नवा गडी!”

“शेजारीच आहे तो,” आर्लीन म्हणाली. “चार नंबरच्या जागेवरचा.”

“मी तेच म्हणतेय, शेजारी. तू का लाल झालीस?”

“ऊन आहे.”

“हो ना, फक्त तुझ्याच खुर्चीवर पडलंय.”

डेल्बर्ट हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही, त्याची टोपी आवडली नाही, आणि सर्वांत जास्त डोळ्यात खुपला तो त्याच्या हातातला कोराकरकरीत, मधाच्या रंगाचा ग्लोव्ह. दुकानाची चिठ्ठी अजून मनगटाला लोंबत होती. तो मिटायचासुद्धा नाही.

“टोस्टसारखा कडक आहे रे तुझा,” आर्लीन म्हणाली. “ओर्विनचा घालून बघ. लोण्यासारखा मऊ आहे.”

तिनं मला टरफलांतून उचललं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं घालायचा प्रयत्न केला. त्याचा अंगठा माझ्या करंगळीच्या घरात शिरला आणि तिथंच अडकला.

“मी डावखुरा आहे गं,” तो म्हणाला. “मला उजव्या हाताचा लागतो.”

मित्रांनो, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण त्या टिकल्या नाहीत. आर्लीननं मला पुन्हा खाली ठेवलं आणि सहज बोलून गेली, “बरोबर आहे. कोणाच्याच कामाचा नाही आता. निघायच्या शनिवारी हॉलमधल्या टेबलावर ठेवीन. नेईल कोणीतरी.”

ते टेबल मी ओळखतो. बदकवाले उत्तरेला परतण्याआधी नको झालेल्या वस्तू त्यावर मांडतात. तुटके छत्रीचे दांडे, एक चाक नसलेल्या बॅगा, मेलेल्या कुत्र्याचं ताट. जे कोणी नेत नाही ते रविवारी सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातं. त्या दिवसापासून मला एकच घोर लागला. शनिवार यायच्या आत डेल्बर्ट त्या खुर्चीतून उठला पाहिजे. तो उठला की खुर्ची रिकामी, आणि खुर्ची रिकामी की तिला माझी आठवण होईल. मी रोज त्याचं वाईट चिंतू लागलो.

आणि बघा, माणूस स्वतःच खड्डा खणत होता. टोस्टचा टोमणा त्याला लागला असावा. कोणीतरी त्याला सांगितलं की ग्लोव्ह ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवला की एका दुपारी मऊ होतो. त्यानं ठेवला. दुसऱ्या दिवशी घेऊन आला तेव्हा ग्लोव्हचा रंग करपला होता आणि वाद्या वाळलेल्या शेवयांसारख्या दिसत होत्या.

“तू ग्लोव्ह भाजलास?” आर्लीननं पेन्सिल खाली ठेवली. “अरे, तो ग्लोव्ह आहे की टर्की?”

“आतून तरी मऊ झाला असेल.”

“बटाटे नाही लावलेस सोबत?”

ती इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. ओर्विन गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. माझ्या पोटात दुखलं. तिला हसवावं तर माझ्या माणसानं, या भाजलेल्या ग्लोव्हवाल्यानं नव्हे.

त्याच सामन्याच्या तिसऱ्या डावात एक चेंडू बॅटच्या कडेला लागून आमच्याकडे वळला. लोक ओरडले. डेल्बर्ट उभा राहिला, उजवा हात वर केला. चेंडू सरळ त्याच्या ग्लोव्हकडे येत होता. मी खुर्चीखालून जिवाच्या आकांतानं म्हटलं, सुटू दे, त्याच्या हातून सुटू दे, सगळ्यांदेखत सुटू दे.

सुटला. करपलेलं चामडं मिटलंच नाही. चेंडू त्यावर आपटला, उसळला, आणि आर्लीनच्या उजव्या मनगटावर बसला. पेन्सिल उडून माझ्यापाशी पडली.

हाड तडकलं होतं. मनगटाला प्लॅस्टर लागलं.

मित्रांनो, मी हे कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. मी चेंडू ढकलला नाही, मी ढकलूच शकत नाही. पण मी जे मागितलं तेच झालं होतं, आणि ते लागलं तिला, जिनं मला एक मार्चभर खुर्चीत बसवलं. मला स्वतःची लाज वाटली. तरीसुद्धा, बघा माझा स्वभाव, लाजेच्या खाली एक कोपरा खूश होता. आता तर हा माणूस तोंड दाखवणार नाही, असं तो कोपरा म्हणत होता.

डेल्बर्ट दुसऱ्या दिवशी आला. ग्लोव्ह आणला नव्हता. गाडीच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला.

“तुझी वही कोण लिहिणार?” त्यानं विचारलं.

“कोणी नाही. चार सामने कोरे जातील.”

“एकतीस वर्षांत एक तरी कोरा गेलाय का?”

“नाही.”

“मग मी लिहितो. तू सांग.”

“तुला येतं?”

“नाही. तू ओरड. ओरडायला मनगट लागत नाही.”

असं ते सुरू झालं. डेल्बर्ट डाव्या हातानं लिहायचा, त्यामुळे लिहिता लिहिताच त्याचा तळवा सगळं पुसायचा आणि अर्धा डाव त्याच्या हातावर उमटायचा. आर्लीन शिक्षिकेसारखी खेकसायची. “उलटा के! उलटा! बघत उभा राहिला ना तो!” तो खोडायचा, पुन्हा काढायचा, आणि तोही चुकायचा. इतकी वर्षं ज्या वहीवर मी जळलो तिची ती दशा पाहून मला हर्ष व्हायला हवा होता. झाला नाही. मी टरफलांत पडून फक्त शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होतो.

गुरुवारी शेवटचा सामना होता. बसता बसता डेल्बर्टनं मला खालून उचललं, टरफलं झटकली, आणि आपल्या बाहीनं माझा तळवा पुसला. इतकी काळजीपूर्वक की मला कसनुसं झालं.

“हा घाल,” तो आर्लीनला म्हणाला. “एक हात गेला, दुसरा तरी वाचव.”

“मला मोठा होतो तो.”

“होऊ दे. आज घाल.”

तिनं डावा हात माझ्यात घातला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिची बोटं बारीक, ओर्विनच्या बोटांनी पाडलेल्या खोबणीत सैल पडणारी. ती बोटं खोबणीत हळूहळू फिरवत राहिली.

आठव्या डावात, मोठे खेळाडू कधीच निघून गेले होते तेव्हा, एका त्र्याण्णव नंबरच्या पोरानं उशिरा बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला आणि आमच्यावर वळला. मार्सेला किंचाळली. डेल्बर्टनं वही आर्लीनच्या डोक्यावर धरली. आर्लीननं ती कोपरानं बाजूला सारली आणि मला वर केलं.

थप्प.

मी मिटलो. मला मिटायला कोणी शिकवलं होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. अख्खी रांग उभी राहिली. आर्लीनचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं. ती मला उंच धरून शेजारच्या खुर्चीकडे वळली आणि ओरडली, “ओर्विन! पाहिलंस का? ओर्विन!”

टाळ्या चालूच होत्या, पण तिचा उंच धरलेला हात खाली आला. आर्लीनचा चेहरा उतरला. मी डेल्बर्टकडे पाहिलं. तीन आठवडे याच क्षणाची मी वाट पाहत होतो. आता कळेल तुला, ही खुर्ची कोणाची ते. आता मान खाली घालशील, आता उठशील.

डेल्बर्टनं मान खाली घातली नाही. तो तिच्याकडे बघून हसला, आणि म्हणाला, “पाहिलं. मस्त झेललास.”

बस एवढंच. तो ‘मी डेल्बर्ट’ असं म्हणाला नाही. आर्लीनचे डोळे भरले. तिनं मला छातीशी धरलं, चेंडूसकट, आणि प्लॅस्टरचा हात त्याच्या बाहीवर ठेवला, त्याच बाहीवर, जिनं त्यानं मला पुसलं होतं. मी इतकी वर्षं जळत आलो, पण दुसऱ्याचं नाव आपल्यावर असं निमूटपणे घेणं मला कधी सुचलंही नसतं.

शनिवारी मी टेबलावर गेलो नाही. आर्लीननं मला तेल लावलं, एका हातानं, फार वेळ लागला तिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचा तरी जुना ग्लोव्ह, जुनी बॅट, जुनी पेटी असेल. तिला अधूनमधून हात लावा, पुसा, उन्हात टाकून देऊ नका. आणि काहीही झालं तरी ओव्हनमध्ये ठेवू नका. जळकेपणाबद्दल उपदेश करायला मात्र मी लायक नाही. काल आर्लीननं गाडीतल्या फळीवर माझ्या शेजारी डेल्बर्टचा तो करपलेला ग्लोव्ह आणून ठेवला. जागा कमी, म्हणून तिनं मला थोडं सरकवलं. मला राग आला. पण मी त्याला टेकून बसलो आहे, कारण त्याच्या वाद्या अजून कडक आहेत आणि माझं तेल ताजं आहे.