आठ घाणे, दोनदा

एप्रिल १९९४. जालन्यातल्या एका बियाणे कारखान्यात कपाशीच्या बियाण्याची उगवण अठ्ठावन्न टक्क्यांवर आली. पासष्टच्या खाली बियाणे विकता येत नाही.

सरकीवरची लव तेजाबाने काढतात, मग ती टाकीत धुतात, मग ड्रायरमध्ये वाळवतात. मॅनेजरसाहेबांनी टाकीवरच्या साळूबाईला सगळ्या बायांदेखत घरी बसवले. "नीट धुवत नाही ही. तेजाब राहतं, बी मरतं."

प्रयोगशाळेतल्या बेबीनंदाने तपासणी मांडली. कमी धुणे आणि जास्त धुणे. ड्रायर बेचाळीस अंशांवर आणि पंचावन्न अंशांवर. चार जोड्या, प्रत्येक दोनदा. एकूण आठ घाणे.

बाराव्या दिवशी कोंब मोजले. कमी धुतलेले चारही घाणे नापास, जास्त धुतलेले चारही पास. साहेब खूश झाले.

"झालं सिद्ध. कर सही."

बेबीनंदाने फोरमन सर्जेरावांना विचारले, "मामा, कमी धुतलेलं बेचाळीसवर कधी वाळवलं?"

"ते कुठं केलं? भट्टी सारखी खाली-वर कोन करील? सकाळी तापेल व्हती, कमी धुतलेलं सगळं घेतलं. दुपारी उतरली, मंग जास्त धुतलेलं. आठ म्हन्लीस, आठ बराबर केले."

ती साहेबांकडे वळली. "मंग बी कमी धुतल्यानं मेलं का भाजल्यानं, हा कागद सांगत न्हाई."

"एवढं बारीक कोण बघतंय?"

"मी. आठही घाणे पुन्हा करावे लागतील."

"सही कर, नाहीतर तूही साळूबाईसोबत घरी."

"बसवा घरी. पेरलेलं उगवलं न्हाई की शेतकरी गेटवर येतील. तवा त्यांना हा कागद दाखवा, माझ्या सहीबिगर."

साहेबांनी कागद बाजूला सारला. "कर पुन्हा."

यावेळी घाण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. टाकीवरच्या बाया डब्यातून एकेक चिठ्ठी काढत होत्या.

"हा प्रयोग आहे का भिशी?" साहेबांनी विचारले.

"भिशीच समजा. भिशीत फोरमनची सोय चालत न्हाई."

सर्जेरावांसकट सगळे हसले. दोन दिवस बेबीनंदा तापमापक घेऊन ड्रायरपाशी उभी राहिली.

बारा दिवसांनी आकडे आले. बेचाळीस अंशांवर कमी धुतलेले चौऱ्याहत्तर टक्के, जास्त धुतलेले शहात्तर. पंचावन्नवर सत्तावन्न आणि अठ्ठावन्न. हंगामाच्या घाईत ड्रायर पंचावन्नवर न्यायचा हुकूम साहेबांचाच होता.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "साळूबाईला उद्यापासून यायला सांगा."

बेबीनंदाकडून निरोप आणि आकडे कळताच साळूबाई त्याच दुपारी आली आणि ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"गुपचूप न्हाई यायची मी. बायांम्होरं नाव घेतलं ना माझं? त्यांच्याच म्होरं हा कागद वाचा. आच कुनी वाढवली, तेबी."

"एवढा मान पाहिजे तुला?"

"बिलकुल."

बेबीनंदाने सही करून कागद साहेबांच्या हातात दिला. साहेब टाकीकडे निघाले. त्यांना येताना पाहून बायांनी नळ बंद केले, नीट ऐकू यावे म्हणून.