डावीकडचा भोवरा

सलूनवाल्यांना सगळे मामाच म्हणत. मामांचा एक नियम होता: खुर्चीत कळलेलं खुर्चीतच राहायचं. कोण केस काळे करतं, कोणाला चाई लागली आहे, कोणाच्या डोक्यावर टोप आहे, सगळं मामांच्या पोटात. त्या पोटाचा त्यांना भारी अभिमान, आणि पोटही तसं ऐसपैस होतं.

पण सख्ख्या भाचीचं लग्न ठरायला आलं आणि नियम अंगाशी आला. मुलगा लाखात एक. फक्त डोक्यावरचं रान त्याचं नव्हतं. तो टोप मामांनीच मागच्या खोलीत बसून विणला होता. बहीण आली नि म्हणाली, "दादा, तुला सगळ्यांची डोकी ठाऊक. मुलात काही खोट नाही ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. "मुलगा चांगला आहे," एवढं बोलून मामा कात्री पुसत बसले. कात्री केव्हाच स्वच्छ झाली होती.

मागोमाग भाची आली. "मामा, त्याचे केस खोटे आहेत ना?"

"मला काय विचारतेस?"

"मग कोणाला विचारू? डावीकडचा तो भोवरा तुमच्याच हातचा. अगदी तुमच्या टोपावर आहे तसा."

मामांचा हात डोक्याकडे गेला. आपला टोप बायकोखेरीज कोणाला ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"लहानपणी तुमच्या खांद्यावर बसले होते, तेव्हा हातात आला. गुपचूप परत ठेवला," भाची म्हणाली. "टकलाचं मला काही नाही हो. पण लपवणाऱ्याशी संसार नको. उद्या बोलणी आहेत. त्याच्या आत आपण होऊन बोलला तर हो, नाहीतर नाही. आणि तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. माझी शपथ आहे."

थोड्या वेळाने मुलगाच खुर्चीत. "मामा, वादळातही हलणार नाही असा चिकटवून द्या." मग हळूच, "तिला सांगावंसं वाटतं हो. पण नको म्हणाली तर?"

मामांची जीभ वळवळली. त्यांनी ती दाताखाली धरली, दार लोटलं आणि स्वतःचा टोप काढून आरशापुढे ठेवला.

मुलगा बघतच राहिला. "तुमचाही? आणि इतकी वर्षं कोणालाच कळलं नाही?"

"एका पोरीला कळलं होतं," मामा म्हणाले. "तिने कधी कोणाला सांगितलं नाही."

मुलगा गेला, तेव्हा आरशापुढे दोन टोप होते.