समुद्रावरचं पाखरू आणि चिचुंद्री

पहिली मोठी लढाई संपून दोन वर्षं झाली होती. त्या साली दिवाळीच्या आधी देऊळघाट गावात तीन दिवस सलग वारा-पाऊस झाला. चौथ्या सकाळी अन्नपूर्णाबाई कांद्याच्या खोलीत गेली, तर चिचुंद्रीचा दर्प आला. उंदरांच्या पिंजऱ्यात एक चिचुंद्री अडकली होती, पण वास कोपऱ्यातल्या टोपल्यामागूनही येत होता. तिनं केरसुणी उगारून टोपलं सरकवलं. मागे मूठभर काळं पाखरू बसलं होतं.

तिनं दिराला, पुंजाजीला, हाक मारली. तो लढाईत मजुरांच्या पलटणीतून जहाजानं बसऱ्याला जाऊन आला होता. पाखरू बघून तो खालीच बसला.

"वयनी, हे समुद्रावरचं हाय. आमच्या जहाजामागं पाण्यावर पाय टेकवत उडे."

"वाऱ्यानं आणलं असंन. पण त्याले चिचुंद्रीचा वास काऊन?"

पुंजाजीनं पाखरू हुंगून पाहिलं. दोघांनी पिंजरा उजेडात आणून पाखरू शेजारी धरलं. चिचुंद्रीचं नाक लांब, सारखं हलणारं. पाखराच्या चोचीवर नाकाची बारीक नळीच होती. खाली ठेवलं तर ते उभं राहीना, पोटावर सरपटत अंधाराकडे जाऊ लागलं.

"हेही बिळातच राहत असंन," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिनं अलगद पंख उलगडला. तो चांगला वीतभर निघाला, आणि पायाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा. ही कसली चिचुंद्री, म्हणून ती हसायलाच लागली. चिचुंद्रीला तिनं कुंपणाबाहेर सोडलं.

पाखरू मात्र अंगणात दोनदा उडालं आणि दोनदा पडलं.

"उंचावरून सोडलं पाह्यजे," पुंजाजी म्हणाला.

"मंग बैल जुंपा दमणीले."

घाटाच्या कड्यावर वारा अजून जोरात होता. अन्नपूर्णाबाईनं ओंजळ उघडून पाखरू वर फेकलं. ते दगडासारखं खाली गेलं. मग झाडांच्या शेंड्यांवर पंख फाकले, शेपटीजवळचा पांढरा पट्टा चमकला आणि पाखरू पश्चिमेकडे वळलं. ती कड्याच्या काठानं धावत सुटली, पदर कुठे गेला याचंही भान तिला नव्हतं.

"चाललं, भाऊजी, चाललं."

ते पोचलं की नाही, कधीच कळलं नाही. परतताना तिनं विचारलं, "समुद्र दिसते कसा?"

दोन वर्षांत पुंजाजीला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं बैलांचा कासरा सैल सोडला आणि सांगायला सुरुवात केली.