चौथ्यांदा विचारायचं

आईला जाऊन सहा आठवडे झाले होते, तेव्हा बँकवाल्याचा फोन आला. बँकवाला म्हणजे आईच्या मंडळातला, बँकेत आकडेवारीचं काम करणारा तरुण. शहरात डेटाची कामं करणारी माणसं, कुणी विम्यातली, कुणी पाणीखात्यातली, महिन्यातून एका शनिवारी जमत. अकरा वर्षं ही मोट आईनेच बांधून ठेवली होती.

"ताई, या शनिवारी सभा घेतोय," तो म्हणाला. "पण नवा माणूस कोण, ते काकूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं."

नवा माणूस हा आईचा नियम. प्रत्येक सभेतली दहा मिनिटं आजवर चारचौघांत कधीच न बोललेल्या माणसाची, आणि बोलायचं ते आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल. यश सांगायला व्यासपीठं पुष्कळ आहेत, असं आई म्हणे. अकरा वर्षांत ती दहा मिनिटं एकदाही रिकामी गेली नव्हती.

"नाहीच कुणी मिळालं तर एका मोठ्या कंपनीतले साहेब येणार आहेत, तेच जास्त वेळ बोलतील."

"ते त्यांची चूक सांगतील का?"

"साहेबांची चूक कुठे असते, ताई? ती त्यांच्या हाताखालच्यांची असते."

लेकीला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. ती छापखान्याची मुद्रितं तपासायची. डेटातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. उलट शनिवारी आई घरात नसते म्हणून तिने वर्षानुवर्षं टोमणे मारले होते. "निघालीस लष्कराच्या भाकऱ्या भाजायला?" ती विचारायची. "भाजते," आई चप्पल अडकवत म्हणायची, "पण करपू देत नाही."

फोन ठेवून तिने आईची वही काढली. साठ जण येतो म्हणतात, चाळीस येतात, तेव्हा खुर्च्या पस्तीसच मांडायच्या. पाच जण उभे राहिले की सभा भरल्यासारखी वाटते. माइकची वायर पहिल्या रांगेपर्यंतच पोचते. आणि मग नव्या माणसांची नावं, पानंच्या पानं. 'घशाला कोरड पडते, पाणी जवळ ठेवणे.' 'हा हळू बोलतो, घाई करू नये.' 'हिचा नवरा ऐकायला आला की अडखळते, त्याला चहाच्या कामाला लावणे.' घरात साधा वाढदिवस लक्षात न ठेवणारी ही बाई! लेक बराच वेळ ती पानं वाचत राहिली. शेवटच्या पानावर नाव नव्हतं, नुसता नंबर. खाली लिहिलं होतं: 'दवाखान्यात नोंदणी करते. तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा विचारायचं.'

तिने नंबर फिरवला. "मी काकूंची मुलगी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अगंबाई. भेटायला यायला हवं होतं हो मी. धीरच झाला नाही."

"चौथ्यांदा विचारायला फोन केलाय."

"छे हो! काकू असत्या तर एक वेळ गोष्ट वेगळी. तिथे सगळे शिकलेसवरलेले. मी आपली खिडकीत बसून पेशंटचे फॉर्म भरणारी."

"मग मला सांगा. मला तर काहीच कळत नाही त्यातलं."

"काकूपण हेच करायच्या. फोनवर सांग म्हणायच्या आणि भांडी घासत बसायच्या. भांड्यांचा आवाज थांबला की मी समजायचे, गोष्ट मनाला भिडली."

लेकीपुढे मुद्रितांचा गठ्ठा होता. ऐकता ऐकता काम उरकावं म्हणून तिने लाल पेन उघडलं. गोष्ट संपली तेव्हा पेन पहिल्याच ओळीवर टेकलेलं होतं आणि शाईचा मोठा डाग पडला होता.

"शनिवारी चार वाजता," ती म्हणाली.

"बघते."

"बघते म्हणजे येता ना?"

"बघते म्हणजे बघते."

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या. बँकवाल्याने दहा मिनिटं मोजायचं घड्याळ लेकीच्या हातात दिलं. पावणेचारला एक चाळिशीची बाई आली, शेवटच्या रांगेत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून राहिली. लेकीने ओळखलं. तिला पुकारलं तेव्हा ती उठली, पण पुढे येईना.

"तिथे नाही. इथूनच सांगते."

माइक तिथवर पोचणार नव्हता. बँकवाला गोंधळला. तेवढ्यात पाणीखात्यातल्या बाई उठल्या, त्यांनी आपली खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि बसल्या. मग शेजारच्याने फिरवली. बघता बघता सगळा हॉल पाठमोरा झाला आणि पहिल्या रांगेतले साहेब आपोआप शेवटच्या रांगेत गेले.

नोंदणीवाली बोलू लागली. "आमच्या कॉम्प्युटरला जन्मतारीख रिकामी चालत नाही. आणि तापाने फणफणलेलं माणूस आणलं की तारीख कोण विचारत बसतं? मी एक जानेवारी एकोणीसशे टाकायचे. दोन वर्षं टाकली. मग मोठ्या डॉक्टरांनी सर्वांत वयोवृद्ध पेशंटचा सत्कार काढला. फुलं घेऊन, फोटोग्राफर घेऊन, सव्वाशे वर्षांच्या आजींच्या घरी गेले. दोरीवरच्या उड्या मारत एक मुलगी बाहेर आली. डॉक्टरांनी आजींचं नाव घेतलं, तर म्हणते, मीच ती!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. हसू ओसरल्यावर साहेबांनी मागून विचारलं, "पण भरलेली तारीख तपासायची काही सोय नव्हती का?"

"होती ना साहेब. रिकामी सोडू नका, हीच तर सोय होती. म्हणून तर मी खोटी टाकली." ती आता पर्स खुर्चीवर ठेवून सरळ उभी होती. "माझं म्हणणं एवढंच आहे. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायला जागा द्या. रिकामं आहे ते रिकामं दिसू द्या. काहीतरी भरून ठेवलं की पुढे कुणाला कळतच नाही, इथे काही नव्हतं म्हणून."

साहेब खिशात पेन शोधू लागले. पाणीखात्यातल्या बाईंनी हात वर केला, त्यांच्यामागे आणखी तिघांनी. नोंदणीवाली एकेकाला उत्तर देत होती, एकाला तर तिने उलट प्रश्न टाकला, "तुमच्याकडे असे किती आजीआजोबा आहेत, मोजलेत का कधी?" त्याने प्रश्न वहीत उतरवून घेतला.

दहाची केव्हाच सतरा मिनिटं झाली होती. भिंतीजवळून बँकवाला मनगटावर बोट आपटत लेकीला खुणा करत होता. तिने घड्याळ मांडीवर पालथं ठेवलं आणि पुढचा प्रश्न ऐकायला थोडी पुढे वाकली.